ठमाबाईंचा आंतरपाट

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी नवीन भेटायचं आणि विचारायचं, "तुम्ही कुठे असता?" मी म्हणायचे, "झूमध्ये." समोरचा माणूस जरा थबकायचा आणि मग समजूतदारपणे मान हलवायचा. "अच्छा, म्हणजे त्यांच्या आयटीत." नाही हो, पिंजऱ्यात, असं सांगितलं की त्याला समोसे घ्यायला जायचं आठवायचं. एका बाईंनी मात्र चिकाटीनं विचारलं, "पण एम.एस्सी. करून पिंजरे झाडायचे?" मी म्हटलं, झाडायला एम.एस्सी. लागत नाही, ते मी आईकडे शिकले. एम.एस्सी. लागते ती झाडताना काय सापडलं हे कळायला.

मी अमेरिकेत आले २००१ साली. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएच.डी. संपवत होता. माझ्या व्हिसावर लिहिलं होतं 'डिपेंडंट'. पगाराची नोकरी करायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तिथे बसच्या शेवटच्या स्टॉपवर झू होतं. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा फुकट का होईना काम करू, म्हणून मी तिथे जाऊन नाव नोंदवलं. दोन वर्षं फुकट झाडलं. मग ग्रीन कार्ड आलं आणि तेच झाडण्याचे पैसे मिळायला लागले. पक्षीघराचा मुख्य होता वॉल्ट, साडेसहा फूट उंच, पांढऱ्या मिशांचा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस. त्यातली पंधरा पक्ष्यांशी असायची.

आमच्या पक्षीघरात सगळ्यात मौल्यवान काय होतं, तर खंड्या. आपल्याकडे तळ्याकाठी तारेवर बसतो तो खंड्या सगळ्यांना माहीत असतो. हा त्याचा लांबचा चुलतभाऊ, पण मासे न खाणारा. दाट झाडीत राहायचं, पाली, किडे, रातकिडे खायचे, आणि कुजलेल्या खोडात भोक पाडून घर करायचं. पाठ आणि पंख मोरपंखी निळे, डोकं दालचिनीच्या रंगाचं, डोळ्यापासून मागे ओढलेली काळी रेघ. नराचं पोटही दालचिनी, मादीचं पांढरं. हा पक्षी जगात एकाच ठिकाणी होता, पॅसिफिक महासागरातल्या गुआम नावाच्या बेटावर. तिथले लोक त्याला सिहेक म्हणतात.

'होता' म्हटलं, कारण आता तिथे तो नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कुठल्यातरी जहाजाच्या मालातून एक तपकिरी साप बेटावर उतरला. बेटावरच्या पक्ष्यांनी झाडावर चढणारा असा साप कधी पाहिलाच नव्हता. त्यानं अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, आणि रान मुकं झालं. शेवटचे मोजके सिहेक पकडून अमेरिकेतल्या झूंमध्ये आणले, त्यांचीच पिलावळ म्हणजे सगळी जात. ती वाढवून कधीतरी परत बेटावर न्यायची, हा बेत. आमच्याकडे तीन होते. सकाळी कुलूप उघडलं की मी आधी तिघं हलतायत ना ते बघायचे.

मी लहानपणापासून शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. आणि माझं पहिलं काम काय, तर उंदरांची पिल्लं वितळवून त्यांचे तुकडे करणं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी तीनदा अंघोळ केली. मिलिंद म्हणाला, "यार, तू झूमध्ये जातेस की कसाईखान्यात?" महिन्याभरानं मी एका हातानं कात्री चालवत दुसऱ्या हातानं पोळीभाजीचा रोल खात होते. माणसाला कशाचीही सवय होते.

आता ठमाबाई. पक्ष्यांना आमच्याकडे नंबर असतात. पण रोज सकाळी जी मादी माझ्या हातावर चोच मारून रक्त काढते तिला नंबरानं शिवी देता येत नाही. म्हणून मी तिला ठमा म्हणायला लागले, आणि तिचा दरारा वाढला तशी ठमाबाई. वॉल्टही म्हणायचा, "ट्मॉबाय". ठमाबाईंची गोष्ट अशी होती की बेटावरून आणलेल्या एका जोडीचं रक्त फक्त तिच्याकडे उरलं होतं. भाऊ नाही, बहीण नाही. ती पिल्लाविना गेली असती तर एक घराणं संपलं असतं. आणि अशा चिमूटभर जातीत एक घराणं संपणं म्हणजे काय, हे मला प्राणिशास्त्राच्या पुस्तकांनी शिकवलं होतं.

अशा पक्ष्यांची लग्नं कोण ठरवतं? एक बाई. दुसऱ्या राज्यात बसून ती सगळ्या सिहेकांची वंशावळ ठेवायची. कुठल्या झूतला नर कुठल्या झूतल्या मादीला, हे ती ठरवणार. ठमाबाईंसाठी तिनं एक नर पाठवला. गरीब स्वभावाचा, पाली सावकाश चावून खाणारा. त्याला मी बापू म्हणायला लागले.

या जातीत नवराबायको एकमेकांना ठारही मारतात. म्हणून आधी शेजारशेजारच्या खोल्यांत ठेवायचे, मध्ये जाळी. दोघं शांत झाले, मादी जाळीजवळ येऊन निवांत बसायला लागली, की मधलं दार उघडायचं. दिवस कुठला ते रोज बघणाऱ्यानं ठरवायचं. त्या वर्षी रोज बघणारी मी होते.

ती चूक मी आजवर मंडळात कुणाला सांगितलेली नाही. बापूला जाळीपलीकडे येऊन तीन आठवडे झाले होते, ठमाबाई अजून मधूनच चोच उघडून, डोकं चपटं करून बापूवर धावायच्या. अजून आठवडाभर थांबावं, असं माझं शिक्षण सांगत होतं. पण फ्रिजवर लावलेल्या कालनिर्णयात अक्षय्य तृतीया आली होती. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. मी हसले स्वतःलाच, आणि तरी आदल्या दिवशी नोंदवहीत लिहिलं, 'मादी शांत.' ती शांत नव्हती. मला शांत दिसायला हवी होती. सकाळी दार उघडलं. मला आत शिरून जाळं टाकायला अर्धं मिनिट लागलं असेल. तेवढ्यात बापूचा डावा डोळा गेला.

बापू जगला. मी वॉल्टला सगळं सांगितलं, कालनिर्णयासकट. मला वाटलं नोकरी गेली. त्यानं मिशी चोळली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आजचा दिवस कुठला ते पक्ष्याला विचार." एवढंच. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

एका डोळ्याचा नर जोडीला चालत नाही. बापूला लोकांनी बघायच्या काचेच्या खोलीत ठेवलं, एकटं. आणि तिथे त्याला एक माणूस भेटला. मिस्टर टॉमस, गुआमचे, सैन्यातून निवृत्त होऊन मुलीकडे आमच्या शहरात राहायला आलेले. सत्तरीचे असतील. डोक्यावर कायम बेसबॉलची निळी टोपी. दर रविवारी ते काचेसमोरच्या बाकावर येऊन बसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, थंडीचे आत बसायला येतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "मी त्याच्या ओरडण्याची वाट बघतोय." मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांच्या घरामागच्या रानात सिहेकचं घरटं असायचं, आणि पिल्लं असली की मादी पोरांच्या डोक्यावर झेप घालायची. "आम्ही आईचं पातेलं डोक्यावर घालून नारळ गोळा करायला जायचो. टणकन आवाज यायचा. माझ्या नातवाला हे सांगितलं तर त्याला वाटतं आजोबा फेकतात."

बापू काही ओरडत नव्हता. एकट्या पक्ष्याला ओरडायला कोण असतं? टॉमसना मी हे सांगितलं नाही, आणि डोळ्याचं कारण तर मुळीच नाही. ते विचारायचे, "याला काय झालं?" मी म्हणायचे, "अपघात."

पुढच्या वर्षी वंशावळवाल्या बाईंनी दुसरा नर पाठवला, तरुण, अंगानं भरलेला. त्याचं नाव मी सदू ठेवलं. सोबत निरोप होता: हा शेवटचा हंगाम. जमलं नाही तर सदू दुसऱ्या मादीला जाईल आणि ठमाबाई प्रदर्शनाला. म्हणजे ते घराणं तिथेच मिटलं.

त्याच वसंतात माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सासूबाईंचं अमरावतीला वधूवर सूचक मंडळ होतं. मोठी पाटी वगैरे नाही, पुढच्या खोलीत एक टेबल आणि जाड वह्या. पण चाळीस वर्षांत त्यांनी जमवलेल्या जोड्यांनी एक अख्खी वस्ती भरली असती. सून अमेरिकेत पक्षी सांभाळते हे त्यांनी नातेवाइकांना 'शुभदा संशोधन करते' असं सांगितलं होतं. संशोधन बघायला म्हणून मी त्यांना एका शनिवारी कामावर नेलं.

आत जायच्या आधी बूट बदलायचे, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून. मला वाटलं त्या कुरकुरतील. त्या खूश झाल्या. "हे बरं आहे," म्हणाल्या, "आमच्या सोवळ्याला तुम्ही हसता आणि इथे सायबाच्या देशात करता." मग मी त्यांना वंशावळ समजावली. एका मिनिटात त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे सगोत्र नको. आणि मुलगी एकुलती एक, म्हणून घाई." वॉल्टला दहा वर्षांत कुणी हे इतक्या थोडक्यात सांगितलं नसेल.

ठमाबाई जाळीवर आदळत होत्या. पलीकडे सदू कोपऱ्यात चिकटून बसला होता. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि तासभर बघत राहिल्या. मी न राहवून त्यांना गेल्या वर्षीचं सांगितलं, मुहूर्ताचं, बापूच्या डोळ्याचं. मला वाटलं होतं निदान त्या तरी म्हणतील, अगं दिवस तर चांगला होता.

"मुहूर्तावर कुणाचं जमत नाही गं," त्या म्हणाल्या. "आधी जमतं, मग मुहूर्त काढतात. तुझी चूक तिथे झाली." आणि मग थोड्या वेळानं, "पण याही वर्षी तेच चाललंय. चोवीस तास समोरासमोर बसवलंय दोघांना. कांदेपोह्याला तासभर टक लावून बघतात तर मुली घामाघूम होतात. तुम्ही आंतरपाट का नाही धरत?"

वॉल्टनं विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं की आमच्याकडे लग्नात नवरानवरीच्या मध्ये कापड धरतात. दोघं उभे असतात, पलीकडच्याची चाहूल असते, दिसत नाही. सगळं म्हणून झालं की कापड काढतात. वॉल्टनं मिशी चोळली. "आवाज जातो?" "जातो." तो उठला आणि कोठीतून पांढरी चादर घेऊन आला, धुतलेली, निर्जंतुक केलेली. सासूबाईंनी तिच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढायची इच्छा व्यक्त केली. मी म्हटलं, आई, कुंकवात काय असतं ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी ते मान्य केलं, पण चादर सरळ रेषेत लागते की नाही यावर मात्र जातीनं लक्ष ठेवलं.

दुसरी गोष्टही त्यांचीच. "रिकामं बसवू नका त्यांना. हाताला काम द्या." सिहेकांचं काम म्हणजे खोड. मऊ, कुजकं माडाचं खोड लागतं, आणि आमच्या गावात माड कुठून आणायचा? तेवढ्यात एका मॉलमधला शोभेचा माड मेला. मॉलच्या मॅनेजरला आम्ही मेलेलं झाड का मागतोय ते कळेना. वॉल्ट म्हणाला, "लग्न आहे." त्यानं लगेच दिलं, वर ट्रकपर्यंत उचलायला दोन माणसं दिली. त्या खोडाचे आम्ही दोन तुकडे केले आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी चादरीला टेकून, उभे केले.

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सदूनं खोडावर झेप घेऊन चोच मारली. ठक. ठमाबाई चादरीकडे तोंड करून बसल्या होत्या. हल्ला नाही, डोकं चपटं नाही, मान तिरकी. पुन्हा ठक. बराच वेळ गेला. मग ठमाबाई उडाल्या आणि आपल्या बाजूच्या खोडावर ठक. त्या दिवशी नोंदवहीत मी 'शांत' लिहिलं नाही. लिहिलं, 'मादीनं नराच्या चार ठोक्यांना एक ठोका दिला.' जे दिसलं तेवढंच.

मग रोज चार बोटं चादर खाली. सासूबाई घरून फोन करून विचारायच्या, "आज किती?" शनिवारी स्वतः यायच्या, स्वेटर, पायमोजे आणि डब्यात चिवडा घेऊन. वॉल्टला चिवडा इतका आवडला की तो सोमवारपासून शनिवारची वाट बघायला लागला. एका शनिवारी चादर पार खाली आली होती. सदूच्या चोचीत एक हिरवी पाल होती. तो जाळीशी आला आणि पाल जाळीतून पलीकडे धरली. ठमाबाई आल्या, पालीकडे बघितलं, सदूकडे बघितलं, आणि घेतली.

"दार उघड," सासूबाई म्हणाल्या.

मी वॉल्टकडे बघितलं. तो म्हणाला, "मला नको विचारू." मग मी ठमाबाईंकडे बघितलं. त्या पाल गिळून पुढच्या पालीची वाट बघत होत्या. मी दाराची दोरी ओढली. सासूबाई पुटपुटल्या, "शुभमंगल सावधान." अक्षता टाकायला मनाई, म्हणून मी पिठातल्या अळ्या टाकल्या. वॉल्टनं विचारलं त्या काय म्हणाल्या. सांगितलं. तो म्हणाला, "लग्नात 'सांभाळून' म्हणणारे लोक अनुभवी दिसतात." सदू आत गेला, खोडावर बसला, आणि ठमाबाईंनी त्याला दोन इंच सरकायला लावून शेजारी जागा घेतली.

सासूबाई ऑगस्टात परत गेल्या तेव्हा दोघांनी मिळून खोडात भोक पाडलं होतं. त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी दोन अंडी. एक वांझ निघालं. दुसरं उबवणीच्या पेटीत ठेवायचं की आईबापांकडे, यावर मी आणि वॉल्ट दोन दिवस भांडलो. मी म्हटलं, त्यांनी घर केलंय, त्यांनाच करू दे. मनातून मी भीतीनं अर्धमेली झाले होते. तीन आठवडे दोघांनी पाळीपाळीनं अंडं उबवलं आणि एका सकाळी खोडातून बारीक, चिडका आवाज आला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. वॉल्टनं मला कागदी नॅपकिन दिला आणि स्वतःही एक घेतला.

त्या रविवारी टॉमस बाकावर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि बापूच्या डोळ्याचं खरं सांगितलं. मुहूर्त म्हणजे काय तेही सांगावं लागलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडे माझी आई अमावास्येला बोट पाण्यात घालायची नाही. बाबा घालायचे. दोघांच्याही बोटी बुडाल्या." मी हसले की रडले ते आठवत नाही. पिल्लू खोडातून बाहेर डोकवायला लागल्यावर वॉल्टच्या परवानगीनं मी त्यांना आत नेलं. बूट बदलले, हात धुतले. टोपी राहू द्या म्हटलं, आत वरून काहीबाही पडत असतं.

आम्ही दारातून एक पाऊल आत टाकलं आणि खोडावरून एक निळा झपाटा आला. ठमाबाईंनी टॉमसच्या टोपीच्या टोकावर अशी चोच मारली की टोपी उडून वॉल्टच्या पायाशी पडली. मग वर फांदीवर बसून त्या ओरडल्या, कर्कश, घसा फाडून. सदू ओरडला. खोडातलं पिल्लू ओरडलं. भिंतीपलीकडून, काचेच्या खोलीतून, इतक्या महिन्यांत तोंड न उघडलेला बापू ओरडला.

टॉमस उघड्या डोक्यानं उभे होते. डोक्यावर हात ठेवून हसत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "पातेलं आणायला हवं होतं," ते म्हणाले.

मी त्या पक्षीघरात २००८पर्यंत होते. मिलिंदची नोकरी बदलली, मग दुसरं शहर, दुसरं झू. मध्ये एकदा अमरावतीला गेले तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या, आणि टेबलावर मंडळाची वही उघडी होती. सहज चाळली. एका पानावर, अकोल्याच्या एका इंजिनियरच्या आणि यवतमाळच्या एका शिक्षिकेच्या मध्ये, त्यांच्या ठसठशीत अक्षरात नोंद होती. मुलगी: ठमा. स्वभाव तापट, पण घर करते. मुलगा: सदू. मेहनती. जमलं. अपत्य एक. खाली स्वतंत्र रकान्यात बापू. स्वभाव शांत, एक डोळा अधू, दोष मुलाचा नाही. घाई नाही.

प्रत्येक नोंदीत शेवटी एक छापील प्रश्न असतो, 'परदेशी स्थळ चालेल का?' ठमा आणि सदूच्या पुढे सासूबाईंनी लिहिलं होतं: 'परदेशातच आहेत. मुलांना घरी जायचं आहे.'